आईच्या कंबरेचा चौथा मणका (एल४) सरकलाय: स्क्रू घालायचे की फक्त नसांची जागा मोकळी करायची?

मेघना_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. प्रश्न आईसाठी आहे. वय ६२, वजन ७१ किलो, मधुमेह जुना, शेवटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९. चालायला लागली की पाच-सात मिनिटांत दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात, उजवीकडे जास्त. बसली की दोन-तीन मिनिटांत मोकळं वाटतं आणि मग पुन्हा तेवढंच चालते. कंबरही दुखते, पण तिची मुख्य तक्रार पायांची. मॉलमध्ये ट्रॉली ढकलत असली की मात्र अर्धा तास चालते, हे आम्हाला कोडंच आहे. रात्री दोन्ही तळपायांची आग होते.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय: एल४ मणका एल५वर ग्रेड १ पुढे सरकलेला, त्याच पातळीला सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस (नसांची नलिका खूप अरुंद), फॅसेट सांध्यांत पाणी, एल३-एल४ आणि एल५-एस१ला (एस१ म्हणजे कंबरेखालचं पहिलं हाड) डिस्क बल्ज, म्हणजे फुगलेली गादी, सगळ्या गाद्या सुकलेल्या.

एका ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जननी चार स्क्रू, दोन रॉड आणि केज (दोन मणक्यांमध्ये गादीच्या जागी बसवायचा ठोकळा) सांगितलं. दुसरीकडे न्यूरोसर्जननी सांगितलं की स्क्रू नकोत, फक्त दाबलेली जागा मोकळी करू. मणक्याचं काम नक्की कोणाचं? दोन इतके वेगळे सल्ले कसे? आणि ऑपरेशन न करता किती दिवस थांबता येतं? गोळ्या: मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, बीपीची एक आणि रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन ७५.

अस्थिशल्य_बडोदा

मेघनाताई, दोन्ही सल्ले शास्त्राला धरूनच आहेत. त्यातला आईंना कोणता लागू पडतो हे ठरवणारी तपासणी तुमच्या यादीत दिसत नाही, ती म्हणजे उभ्याने काढलेला एक्स-रे. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर कंबरेवरचा भार उतरतो आणि पुढे सरकलेला मणका काही अंशी मागे जातो, कधी तर रिपोर्टमध्ये सरकल्याचा उल्लेखही येत नाही. म्हणून बाजूने तीन फिल्म काढायच्या: ताठ उभं राहून, पुढे वाकून, मागे झुकून. वाकताना आणि झुकताना एल४ची जागा ३-४ मिलिमीटरहून जास्त बदलली किंवा कोन १० अंशांहून जास्त बदलला, तर मणका अस्थिर धरतात. फॅसेट म्हणजे मणक्यांच्या पाठीमागचे जोडसांधे. त्यांत पाणी दिसलं की अस्थिरतेची शंका घ्यायची, पण तेवढ्यावर निर्णय करायचा नाही. ग्रेड १ म्हणजे खालच्या मणक्याच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत सरकलेला. पन्नाशीनंतरच्या बायकांमध्ये हे एल४-एल५लाच सगळ्यात जास्त दिसतं.

ट्रॉलीचं कोडं हेच खरं तर निदान आहे. ताठ उभं राहिलं की नलिकेच्या मागच्या बाजूचं जाड झालेलं लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा) आत घडी घालतं, गादी मागून फुगते आणि आधीच अरुंद झालेली जागा आणखी आवळते. पुढे झुकलं की लिगामेंट ताणलं जातं आणि नसांना जागा मिळते. म्हणून असे रुग्ण ट्रॉली ढकलत चालतात, सायकल आरामात चालवतात, पण रांगेत ताठ उभं राहणं त्यांना जमत नाही. मणक्यात नसा दबून पाय जड होणं आणि रक्तपुरवठा कमी पडून पाय जड होणं यांतला फरकही इथेच कळतो. रक्ताची अडचण असेल तर नुसतं उभं राहिल्यावरही आराम पडतो, मणक्याची असेल तर बसावं किंवा वाकावं लागतं. आईंना मधुमेह आहे, त्यामुळे पावलावरची आणि घोट्यामागची नाडी हाताने तपासून घ्याच. ती नीट लागत नसेल तर घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, ते ०.९च्या खाली आलं तर आधी रक्तवाहिन्यांचे डॉक्टर.

रात्री तळपायांची आग होते हे तुम्ही ओघात लिहिलंत, पण ते महत्त्वाचं आहे. ही आग बहुधा मधुमेहाने नसांवर झालेल्या परिणामाची असते आणि कंबरेच्या ऑपरेशनने ती जात नाही. ऑपरेशन उत्तम होऊनही घरचे म्हणतात, आग तर तशीच आहे. त्याचं कारण हे. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की बी१२ कमी होतं, शाकाहारी घरांत तर आणखीच. बी१२ कमी असेल तर पायाला मुंग्या आणि चालताना तोल जाणं, दोन्ही होतं. ती तपासणी ऑपरेशनच्या आधी करा.

मानेकडेही बघायला हवं. शर्टाचं बटण लावताना, सुईत दोरा ओवताना हात अडखळतात का? चालताना पाय फाकवून टाकावे लागतात का? मज्जारज्जू एल१-एल२च्या आसपास संपतो आणि त्याच्या खाली फक्त नसांचा जुडगा असतो. त्यामुळे हातात अडचण असेल तर तिचं मूळ कंबरेत असूच शकत नाही. मान आणि कंबर दोन्हीकडे अरुंद असणारे रुग्ण कमी नाहीत, आणि तसं असेल तर बहुतेक वेळा मानेचं ऑपरेशन आधी करावं लागतं.

एल३-एल४ आणि एल५-एस१चे बल्ज, सुकलेल्या गाद्या, यांनी घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय तपासलेल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१५ साली आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गाद्या झिजलेल्या होत्या, बल्ज अनुक्रमे ३० आणि ८४ टक्क्यांत. चित्रात दिसतंय म्हणून ऑपरेशन होत नसतं. रुग्णाची तक्रार, हाताने केलेली तपासणी आणि चित्र ही तिन्ही एकाच पातळीकडे बोट दाखवतात तेव्हाच सुरी उचलायची. एल५ची नस दाबली असेल तर पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते आणि पावलाच्या वरच्या भागाला बधिरता येते. एस१ असेल तर चवड्यावर उभं राहता येत नाही आणि टाचेमागचा रिफ्लेक्स जातो. सर्जननी आईंना टाचांवर आणि चवड्यांवर चालवून बघितलं होतं का, हे आठवून लिहा.

आता मुख्य प्रश्न. सरकलेल्या मणक्याला स्क्रू घालायचेच का, यावर २०१६ साली दोन मोठ्या चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या. स्वीडनच्या चाचणीत स्क्रूंचा जास्तीचा फायदा दिसला नाही, अमेरिकेतल्या चाचणीत थोडा दिसला. २०२१ साली नॉर्वेतून तिसरी आली. एकाच पातळीला सरकलेला मणका असलेल्या रुग्णांत दोन वर्षांनी दोन्ही गटांतल्या दहापैकी सुमारे सात जणांना चांगला फरक पडलेला होता. नुसती जागा मोकळी केलेल्यांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण किंचित जास्त होतं. म्हणजे मणका स्थिर असेल आणि तक्रार पायांची असेल, तर छोटं ऑपरेशन हा पूर्ण मान्य मार्ग आहे. मणका हलत असेल, कंबरदुखी पायाइतकीच असेल, किंवा नस मोकळी करायला फॅसेटचा बराच भाग काढावा लागणार असेल, तर स्क्रू घालणं योग्य.

थांबता किती येतं? लघवी-शौचावर परिणाम नसेल आणि पावलाची ताकद शाबूत असेल तर घाई नाही. अरुंद नलिकेचे बरेचसे रुग्ण वर्षानुवर्षं आहे तसेच राहतात. ८.९ एचबीए१सीवर ठरवून करायचं ऑपरेशन मी तरी करणार नाही, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तो ७.५च्या आसपास आणा, त्याला दोन-तीन महिने लागतील. तोवर व्यायाम चालू ठेवा. एपिड्युरल, म्हणजे नसांच्या आवरणाबाहेर दिलेल्या, इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळू शकतो, पण त्यातल्या स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते, तेव्हा ती घरी रोज मोजावी लागेल.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करून ठेवा. जांघेत आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत. त्या नसा जितका वेळ दाबलेल्या राहतात तितकी लघवीवर पुन्हा ताबा येण्याची शक्यता कमी होत जाते.

रावपुरा_सर्जिकल

कोणाचं काम, या प्रश्नापुरतं लिहितो. गादी बाहेर येऊन नस दबते आणि तिने पाय दुखतो, हे १९३४ साली बॉस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी मिळून मांडलं. मिक्स्टर न्यूरोसर्जन, बार अस्थितज्ज्ञ. तेव्हापासून हे क्षेत्र दोघांचं आहे. अस्थिवाले एमएस किंवा डीएनबी करून मग स्पाइनची फेलोशिप करतात, न्यूरोवाले एमसीएच या त्यांच्या पुढच्या पदवीतच मणका शिकतात. गादी, अरुंद नलिका, मार, क्षय ही कामं दोघेही करतात. मज्जारज्जूच्या आवरणाच्या आतली गाठ न्यूरोसर्जनकडे जाते. पाठीचा बाक आणि कुबड सरळ करण्याची मोठी कामं बहुतेक अस्थिवाले करतात. पदवीपेक्षा हे विचारा: रोजच्या कामातला किती भाग मणक्याचा आहे? गुडघे बदलणं, मोडलेली हाडं जोडणं आणि मधूनमधून मणका, असं असेल तर स्क्रूच्या कामासाठी दुसरीकडे बघा.

फिजिओ_वाघोडियारोड

मधल्या दोन-तीन महिन्यांत काय करायचं, ते माझ्या बाजूने.

सरकलेला मणका आणि अरुंद नलिका असताना व्यायाम पुढे वाकण्याच्या दिशेचे असतात. पाठीवर झोपून एक गुडघा छातीशी, मग दुसरा, मग दोन्ही, प्रत्येकी २० सेकंद, पाच वेळा. गुडघे वाकवून झोपायचं आणि कंबरेची पोकळी जमिनीला टेकवून १० सेकंद पोट आवळायचं, दहा वेळा. हे सकाळ-संध्याकाळ. पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट झाले की कंबरेचा पुढचा बाक थोडा कमी होतो आणि जागा मिळते. घरात उभी सायकल असेल तर दहा मिनिटांपासून सुरू करा, हँडलवर थोडं झुकून. चालणं बंद करायचं नाही. पाय जड व्हायला लागले की लगेच बसायचं, पूर्ण मोकळं झालं की पुन्हा निघायचं, असे चार-पाच टप्पे. कमाटीबागेत बाकं जवळजवळ आहेत, तिथे हे सोपं जातं. जडपणा सोसून पुढे रेटत राहिल्याने काहीच साधत नाही.

भुजंगासन, शलभासन, धनुरासन, चक्रासन बंद. कंबरदुखी म्हटलं की मोबाइलवर पहिले हेच व्हिडिओ येतात. गादीच्या काही रुग्णांना मागे वाकण्याचे व्यायाम खरंच मानवतात, पण आईंच्या प्रकारात त्यांनी नलिका आणखी आवळते. दोन आजारांचं नाव कंबरदुखी एकच, उपाय उलटे.

पट्टा लांब प्रवासात किंवा स्वयंपाकात उभं राहताना, दिवसाला दोन-तीन तास. चोवीस तास बांधला तर स्नायू आळसावतात. वजन लावून ओढण्याच्या ट्रॅक्शनवर पैसे घालवू नका. आणि हाडवैदाकडून कंबर मोडून घेणं पूर्ण टाळा. सरकलेल्या मणक्यात, ठिसूळ हाडांत किंवा क्षय असताना एका झटक्याने पाय गेलेले रुग्ण येतात.

ओट्याजवळ एक सोपी युक्ती: पायाखाली चार-सहा इंचांचा पाट ठेवून एक पाय त्यावर, दर पाच मिनिटांनी पाय बदलायचा. उभं राहण्याची वेळ बरीच वाढते.

ओटी_सिस्टर

ऑपरेशनच्या खोलीत काय होतं हे कळलं की प्रश्न नीट विचारता येतात, म्हणून लिहिते.

आधी गोळ्या. मेघनाताई, डापाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद व्हायला हवी. ही गोळी चालू असताना उपास आणि ऑपरेशनचा ताण एकत्र आला की रक्तात आम्ल साठतं, आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे उशिरा लक्षात येतं. भूलतज्ज्ञांना या गोळीचं नाव घेऊन सांगा, 'शुगरची गोळी' एवढंच सांगू नका. इकोस्प्रिन कधी थांबवायची किंवा थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. स्वतःहून बंद करू नका.

पूर्ण भूल देऊन रुग्णाला पालथं झोपवतात, छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली उशा, पोट मोकळं लोंबतं. पोट दाबलं गेलं तर मणक्याच्या आतल्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. डोळ्यांवर दाब नाही ना, हे भूलतज्ज्ञ पुन्हा पुन्हा बघतात. कापण्याच्या आधीच्या तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जातं. मग सी-आर्मने (ओटीतल्या फिरत्या एक्स-रे यंत्राने) चित्र घेऊन पातळी मोजतात. चुकीच्या मणक्यावर काम होण्याची चूक इथेच अडवली जाते. काही लोकांत कंबरेचे मणके पाचऐवजी चार किंवा सहा मोजले जातात. एमआरआयचा आणि एक्स-रेचा आकडा जुळतो का, हे सर्जनना आधीच विचारलेलं बरं.

नुसती जागा मोकळी करायची असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीचा थोडा भाग ड्रिलने आणि पंचने काढतात, जाड लिगामेंट सोडवतात, नस निघण्याच्या वाटा मोकळ्या करतात. तास-दीड तासाचं काम. फ्युजनमध्ये (स्क्रू घालून दोन मणके जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये) याशिवाय एका बाजूचा फॅसेट काढून त्या वाटेने गादी खरवडून काढतात, तिथे स्वतःच्याच हाडाचा चुरा भरलेला केज बसवतात, मग एल४ला दोन आणि एल५ला दोन असे चार स्क्रू आणि त्यांना जोडणारे दोन रॉड. कंबरेत स्क्रू साधारण साडेपाच-साडेसहा मिलिमीटर जाड आणि ४० ते ५० मिलिमीटर लांब असतात. तीन तास धरून चाला. टायटेनियमचे असतील तर पुढे एमआरआय काढता येतो, स्क्रूच्या आजूबाजूचा भाग थोडा धूसर येतो एवढंच.

स्क्रू हाड जुळेपर्यंत धरून ठेवण्यापुरते. खरं जुळणं हाडाचं हाडाशी, त्याला सहा महिने ते वर्ष. हाड ठिसूळ असेल तर स्क्रू सैल होतात, म्हणून साठीच्या पुढच्या बाईला स्क्रू घालण्याआधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मागाच. त्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर आधी हाडांचं औषध की स्क्रूभोवती सिमेंट, हे सर्जन ठरवतील. तंबाखू, मिश्री, तपकीर, काहीही चालू असेल तर लपवू नका, निकोटिनने हाड जुळत नाही.

काय बिघडतं तेही सांगते. नसांभोवतीचं आवरण फाटून पाणी गळू शकतं, जुन्या आवळलेल्या नलिकेत ते जास्त चिकटलेलं असतं. तिथेच टाका घालतात आणि बहुधा एखाद-दोन दिवस आडवं ठेवतात. घरी गेल्यावर बसलं की डोकं ठणकतं आणि झोपलं की थांबतं, किंवा जखमेतून पाण्यासारखं पातळ येतं, तर लगेच कळवा. शुद्धीवर आल्या आल्या एका पायात नवीन कळ असेल तर स्क्रू नसेला लागतोय का, हे सीटी काढून बघतात. जंतुसंसर्ग सहसा टाके निघाल्यावर, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात डोकं वर काढतो. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढायला लागलं, ताप आला, जखम ओलसर झाली, तर फोनवर औषध विचारू नका, दाखवायला या. एक पोटरी सुजून दुखली तर तेही.

आजवारोड_पालक

विषय थोडा वेगळा, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. मुलगी १३ वर्षांची, शाळेच्या तपासणीत एक खांदा वर आणि पाठीला एका बाजूला उंचवटा आहे असं सांगितलं. दुखत काहीच नाही. दप्तराने झालं का? पट्टा लावावा लागेल का?

अस्थिशल्य_बडोदा

दप्तराने होत नाही. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून तिला पुढे वाकवा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या दिसल्या तर उभ्याने संपूर्ण पाठीचा एक्स-रे काढून पाठीच्या बाकाचा कोन, म्हणजे कॉब कोन, मोजतात. १० अंशांच्या खाली तो आजार धरत नाहीत. २५ अंशांपर्यंत दर चार-सहा महिन्यांनी पाहणी. २५ ते ४० असेल आणि उंची अजून वाढत असेल तर ब्रेस, तोही दिवसातले बहुतेक तास, नाहीतर उपयोग नाही. ४५-५०च्या पुढे ऑपरेशनचा विचार. पाळी सुरू होऊन किती काळ झाला हे डॉक्टरांना सांगा, वाढ किती शिल्लक आहे त्यावर सगळं अवलंबून. या वयात पाठीचा बाक आणि सोबत दुखणं असेल तर एमआरआय लागतो. तिला दुखत नाही, ही चांगली गोष्ट.

विषय निघालाच आहे तर क्षयाबद्दल इथेच लिहून टाकतो, कारण तो आपल्याकडे खूप आहे आणि महिनोन्‌महिने कंबरदुखी म्हणून शेकला जातो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, पाठीत एका जागी टोचल्यावर कळ. शेजारशेजारचे दोन मणके आणि मधली गादी खाल्लेली दिसते. नुसत्या एमआरआयवर औषध सुरू करण्यापेक्षा सुईने नमुना घेऊन सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) करावी, म्हणजे औषधाला दाद न देणारा क्षय सुरुवातीलाच कळतो. औषध किमान १२ महिने, गरज पडल्यास १८, सरकारी केंद्रातून मोफत. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पायातली ताकद जात असेल, कुबड वाढत असेल किंवा पू साठून नस दबत असेल तर लागतं.

चाळिशीच्या आतल्या तरुणाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो संधिवाताच्या डॉक्टरांचा रुग्ण, आमचा नव्हे. आणि उत्तरायणात गच्चीवरून कोणी पडलं तर हातपाय धरून उचलून रिक्षात घालू नका. १०८ येईपर्यंत आहे तिथेच, मान न हलवता. हलवणं भागच असेल तर तीन-चार जणांनी डोकं, धड आणि पाय एका रेषेत ठेवून लाकडी फळीवर एकदम वळवायचं. मोडलेल्या मणक्याने रज्जूला होणारी इजा कित्येकदा उचलताना होते.

क्लेमडेस्क_सयाजीगंज

पैशांचं थोडक्यात. खाजगी पॉलिसीत गादी आणि मणक्याच्या आजारांना बहुधा दोन वर्षांची प्रतीक्षा असते, अपघात सोडून. आधीपासूनचा आजार म्हणून जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं. मधुमेह पॉलिसीच्या अर्जात लिहिला होता का ते आत्ताच बघा, क्लेम तिथेच अडकतो. गुजरातच्या पीएमजेएवाय-मा कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण त्या रुग्णालयाला स्पाइनच्या पॅकेजची मान्यता आहे का हे तिथल्या खिडकीवर विचारा, रुग्णालय योजनेत असणं पुरेसं नाही. खाजगीत अंदाजपत्रक मागताना इम्प्लांटची कंपनी, स्क्रूंची संख्या आणि केजची किंमत वेगळी लिहून घ्या, सगळ्यात जास्त फरक त्यातच असतो. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर लावलेला कागद आणि ऑपरेशनची नोंद यांची प्रत घ्या. पुढे स्क्रू काढायची वेळ आली तर कोणत्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लागेल, हे त्या स्टिकरवरूनच कळतं.

मेघना_दांडियाबाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. एक्स-रे काढून आणला: ताठ उभ्याने ७ मिमी, वाकून ८, झुकून ७. पायांच्या नाड्या लागतात. टाचेवर चालताना उजवा पंजा थोडा खाली पडतो. हात ठीक आहेत. बी१२ १६८ आलं. नवरात्रात मंडपात उभं राहून आरती तरी करता येईल का, हे ती विचारते.

अस्थिशल्य_बडोदा

हालचाल एका मिलिमीटरची, म्हणजे मणका सरकलेला आहे पण स्थिर आहे. तक्रार पायांची. त्यामुळे फक्त जागा मोकळी करण्याचा सल्ला इथे वजनदार ठरतो. तरी पहिल्या सर्जनना ही फिल्म दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: नस मोकळी करायला फॅसेटचा किती भाग काढावा लागेल? अर्ध्याहून जास्त म्हणाले तर त्यांच्या स्क्रूंमागे कारण आहे.

मात्र उजव्या पंजाचं ऐकून वेळेचं गणित बदलतं. अंगठा आणि पंजा वर उचलण्याची ताकद पाचपैकी किती, हे या आठवड्यात नोंदवून घ्या. चार असेल तर साखर उतरवत दर दोन आठवड्यांनी तपासत राहू शकता. तीन किंवा त्याखाली, किंवा तपासणीगणिक कमी होत असेल, तर एचबीए१सीची वाट बघायची नाही. दाखल करून इन्सुलिनवर साखर आटोक्यात आणतात आणि ऑपरेशन करतात. १६८ बी१२ कमी आहे, इंजेक्शनचा कोर्स फिजिशियनकडून लगेच सुरू करा.

फिजिओ_वाघोडियारोड

आरतीचं: समोर टेबल ठेवा, त्यावर दोन्ही हात टेकून थोडं पुढे झुकून उभ्या राहिल्या तर पाच-सात मिनिटं जमेल. पाठीमागे खुर्ची असू द्या. पंजा पडतोय तोवर घरात सपाता आणि सुट्या चपला बंद, टाचेला पट्टा असलेली चप्पल. दारातल्या पायपुसण्याची कड उजव्या पंजात अडकते, ती उचलून ठेवा.

ऑपरेशननंतर कुशीवर वळून, पाय पलंगाखाली सोडून, हाताने रेटा देत उठायचं, सरळ उठून बसायचं नाही. सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा. जमिनीवर मांडी आणि भारतीय संडास तीन महिने बंद. हिंचक्यावर बसायचं तर कोणीतरी तो धरून ठेवल्यावर. हळू फेऱ्यांचा गरबा, फक्त जागा मोकळी केली असेल तर तीन महिन्यांनी. स्क्रू घातले असतील तर एक्स-रेवर हाड जुळताना दिसल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षीचा.